आबांनी पाहिलेलं तेल

आमच्या गाडीतून तेल गळायला लागलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने काही ना काही उपाय केला. त्यातला एकही गळती थांबवण्याचा नव्हता. नवऱ्याने गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली. ती भिजली की वर नवी. मग एका दुपारी वारा सुटला, कागद उडाले आणि तेलाचे पट्टे थेट पायऱ्यांपर्यंत आले. तेव्हा त्याने स्वयंपाकघरातून एक परात आणून गाडीखाली सरकवली. ती सासूबाईंची भाकरीची परात निघाली.

“मन्ही भाकरीनी परात शे ती!” आईंनी दारातूनच सुरुवात केली. “आते पीठ कसामा मळू? बोनेटवर?”

“आई, चार दिवसनं काम शे. रविवारले गाडीच जाई ऱ्हायनी,” नवरा म्हणाला.

म्हणजे गाडी विकायची हे ठरलं होतं आणि मला ते परातीमुळे कळत होतं. नवापूरला त्याचा मामेभाऊ आहे, त्याच्या पोल्ट्रीचं काम वाढलंय. अंड्यांचे ट्रे गावोगाव पोचवायला त्याला एक जुनी गाडी हवी होती. गळती त्याला चालणार होती. रविवारी दुपारी तो बघायला येणार आणि पसंत पडली तर लगेच घेऊन जाणार.

आबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. 

गाडी जाण्याचा अर्थ त्या घरात फक्त मलाच कळलेला दिसत होता. आम्ही शहाद्याला राहतो आणि आमचा मळा म्हसावदजवळ आहे. आबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्या दिवसापासून रोज सकाळी चहा घेऊन, टोपी घालून, गाडी काढून मळ्यात जातात. तिथे त्यांच्यावाचून काही अडत नाही. सालदार विश्वासाचा आहे, पपईला पाणी तो वेळेवर देतो. आबा बांधावरून एक फेरी मारतात, दोन गोष्टींत खोड काढतात आणि जेवायला घरी येतात. त्यांना गुडघ्यामुळे एसटीची पायरी चढवत नाही, आणि मोटारसायकलवर मागे बसायला ते तयार नाहीत. गाडी गेली की मळा गेला. मग दिवसभर आबा ओट्यावर आणि आई घरात. गेल्या पावसाळ्यात रस्ता बंद होता तेव्हा आठवडाभर असं झालं होतं. त्या आठवड्यात आबांनी घरातले सगळे नळ तपासले, आईंना भाजी चिरायची योग्य पद्धत सांगितली आणि आई माहेरी जायची पिशवी भरून बसल्या होत्या.

तरी मी आधी सरळ विचारलं, “गॅरेजवाला काय म्हणतो?”

गॅरेजवाल्याने दोनदा गाडी ठेवून घेतली होती. एकदा तेल काढायच्या बोल्टचा वायसर बदलून तेच तेल परत भरलं आणि एकदा कुठलंसं सील बदललं. दोन्ही वेळा गाडी कोरडी होऊन घरी आली आणि चार-पाच दिवसांत पुन्हा गळायला लागली. आता त्याचं म्हणणं होतं की इंजिन खाली उतरवून सगळं खोलावं लागेल. ते ऐकून नवऱ्याने मामेभावाला फोन लावला होता.

मला ते पटलं नाही. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनवरची. मी शाळेतून आल्यावर हातात पुस्तक घेण्याआधी चिंधी घ्यायची, कारण इंजिन पुसणं हे माझं काम होतं. वडिलांनी मला एवढंच शिकवलं होतं की तेल टपकतं तिथे फुटलेलं नसतं. ते वर कुठेतरी निघतं, वाऱ्याने मागे सरकतं, कडेकडेने उतरतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवर येऊन लोंबतं. म्हणून इंजिन आधी पूर्ण पुसायचं, मग चालवायचं आणि ओल सगळ्यात उंचावर कुठे आहे ते बघायचं. गॅरेजवाला दोन्ही वेळा खालूनच बघत होता.

मी रुग्णालयात औषधांचं भांडार सांभाळते. शनिवारी सुट्टी होती. शुक्रवारी संध्याकाळीच मी कामांची यादी करून फ्रिजवर लावली, त्या यादीवर नवरा हसला, आणि माझं डोकं तिथेच फिरायला सुरुवात झाली.

“तू करशी? व्हिडिओमा तर मेकॅनिक लोकंस्लेबी दिवस लागस.”

“तू व्हिडिओ बघ. मी गाडी बघते.”

शनिवारी सकाळी मी जुना पंजाबी ड्रेस घातला, बोनेट उघडलं आणि यादी बॅटरीवर चिकटवली. पहिलं काम, तेलाची पातळी. त्यासाठी इंजिनात एक पट्टी असते. ती उपसून पुसायची, पुन्हा आत घालून काढायची. तिच्यावर दोन रेघा असतात आणि तेल त्या दोन रेघांच्या मध्ये असायला हवं. मी पट्टीला हात घालणार तोच ओट्यावरून आवाज आला.

“ते सकायलेच देखी लिन्हं मी. बराबर शे.”

मी हात मागे घेतला आणि यादीवर खूण केली. आमच्याकडे मोठ्या माणसाने ‘पाहिलं’ म्हटलं की सुनेने ते पुन्हा पाहायचं नसतं. ते पाहणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. आणि आबांची बाब तर आणखी वेगळी. तालुक्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी शिकवलंय. गॅरेजवालासुद्धा त्यांचाच विद्यार्थी. तो हात पुसून आधी पाया पडतो, मग गाडीकडे वळतो.

दुसरं काम, इंजिन धुणं. ब्रश आणि डिझेल घेऊन मी वरपासून खालपर्यंत घासत गेले. कित्येक वर्षांची काळी साय निघाली. या कामात मला घरच्यांची जी मदत झाली ती अशी: नवरा खुर्ची टाकून बसला आणि मोबाइलमधला माणूस हिंदीत काय सांगतोय ते मला मराठीत सांगू लागला. तो माणूस भलत्याच गाडीबद्दल बोलत होता. शेजारच्या काकू गेटपाशी येऊन “काय व्हयनं व?” विचारून गेल्या आणि थोड्या वेळाने आपल्या बहिणीला घेऊन पुन्हा आल्या. आबा दर पंधरा मिनिटांनी खाली उतरत, चष्मा कपाळावर सारत, इंजिनात वाकून बघत आणि “हं” म्हणून परत जात.

तिसऱ्या कामासाठी टाल्कम पावडर लागणार होती. इंजिन कोरडं केलं की त्याच्यावर पावडर भुरभुरायची. मग गाडी चालू ठेवली की तेल जिथून निघतं तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटते, शोधत बसावं लागत नाही. मी आत जाऊन कपाटातली डबी उचलली.

“ती पाव्हनासाठे शे,” आई म्हणाल्या.

“आई, पाहुणे आले की नवी आणते.”

त्या माझ्यामागे बाहेर आल्या आणि मी पावडर टाकतेय ते कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “लाव, लाव. आते टिकली बी लाई दे तिले. उद्या नवापूरवाला देखाले येई ऱ्हायना.”

काकूंची बहीण हसली. मी पावडर टाकत राहिले.

पण पावडरीने काम केलं. गाडी चालू ठेवली, इंजिन तापलं, आणि वरच्या झाकणाच्या मागच्या कडेने पांढऱ्यावर एक काळी रेघ हळूहळू खाली उतरली. त्या झाकणाला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्याखाली रबराची एक कड बसवलेली असते, पॅकिंग. ती कडक होऊन आक्रसली की तेल बाहेर येतं. तेल वरून निघत होतं, माझ्या वडिलांनी सांगितलेलं तसंच. मी नवऱ्याला बोलावून रेघ दाखवली. त्याने मोबाइलमध्ये बघून खात्री केली.

पॅकिंग आणायला मी स्कूटरने बाजारात गेले. दुकानदाराने गाडीचं वर्ष विचारलं, मी सांगितलं, त्याने दिलं. घरी येऊन झाकण काढलं तर नवं पॅकिंग बोटभर जास्त लांब. परत गेले. तो म्हणाला, “मॅडम, जुनं सोबत आणायचं ना.” हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं असतं तर माझी एक फेरी वाचली असती, पण मी काही बोलले नाही, कारण योग्य पॅकिंग अजून त्याच्या हातात होतं.

दुपारी मी खोबण स्वच्छ केली, नवी कड बसवली, झाकण ठेवलं, बोल्ट मधून सुरू करून कडेकडे थोडे थोडे आवळत गेले, प्लगच्या वायरी काढताना खडूने केलेल्या खुणांप्रमाणे लावल्या. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. संध्याकाळपर्यंत गाडीखाली टाकलेला पुठ्ठा कोरडा होता. मी यादीतलं शेवटचं काम खोडलं आणि नवऱ्याला म्हटलं, “मामेभावाला कळव. येऊ नको म्हणावं.”

“येऊ दे. जेवाले येई,” तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता.

रविवारी सकाळी आबा मळ्यात जाऊन आले. ते आत गेले आणि मी वाकून पुठ्ठा बघितला. त्याच्यावर बशीएवढा ताजा डाग होता.

मी तिथेच पायरीवर बसले. हातांना अजून डिझेलचा वास येत होता, नखं काळी होती, कंबर धरली होती. इतका राग आला होता की तो कुणावर काढावा हे ठरवायलाही वेळ लागला. पॅकिंगवाल्यावर, नवऱ्यावर, त्याच्या मोबाइलमधल्या माणसावर की गाडीवर. नवरा बाहेर आला, डाग पाहिला आणि शहाणपणाने परात घेऊन आला.

“ती आत ठेव,” मी म्हटलं. तो आत गेला.

पुन्हा बोनेट उघडलं. नव्या पॅकिंगच्याच कडेने ओल होती. आवळण्यात चूक नव्हती, ते मी तपासलं. मग हवेचा फिल्टर असतो तो डबा सहज उघडून पाहिला आणि थांबले. त्याच्या तळाशी तेल होतं. आता तेल खाली गळतं हे समजू शकतं. पण ते वर हवेच्या डब्यात कसं चढून बसतं? गिरणीत एकदाच असं झालं होतं. नव्या गड्याने इंजिनात तेल गळ्यापर्यंत भरलं होतं. तेल जास्त झालं की आतला फिरता दांडा ते घुसळतो, आत दाब वाढतो आणि तो दाब मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. मग वायसर नवा असो, सील नवं असो, नाहीतर पॅकिंग नवं असो.

मी पट्टी उपसली, पुसली, पुन्हा घातली, काढली. दोन रेघा तेलात पूर्ण बुडाल्या होत्या आणि वर चार बोटं पट्टी ओली होती.

यादीतलं पहिलंच काम. त्याच्यावर खूण होती आणि ते झालेलं नव्हतं. गॅरेजवाल्यानेही केलं नव्हतं, दोन्ही वेळा, कारण गाडी घेऊन आबाच गेले होते आणि ‘तेल मी पाहिलंय’ असं सरांनी सांगितलं होतं.

मी पट्टी पुसून पुन्हा आत बुडवली आणि हाक मारली, “आबा, जरा येता का?”

ते आले. मी त्यांच्या हातात पट्टी दिली. “कोठपावत शे, सांगा बरं.”

त्यांनी ती उन्हात धरली, लांब केली, जवळ आणली, चष्मा वर-खाली केला. मग अंगठ्याने चाचपली. “खालनी रेघजोडे शे. थोडं टाकनं पडी.”

“तुम्ही रोज टाकतस?”

“रोज नही. गळस, मंग टाकनं पडस. पोटले कमी पडाले नको.” आणि ते डिकीकडे वळले, कारण तिथे ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा ठेवलेला होता. मळ्यातून भरून आणलेला.

मी त्यांना अडवलं नाही, फक्त बघत राहिले. पट्टीवरचं तेल स्वच्छ असलं की चांगल्या नजरेलाही चटकन दिसत नाही, हे खरं. पण ज्या रेघेजवळ त्यांचा अंगठा होता ती रेघ नव्हती, पट्टीचा वाक होता. मग डावीकडचा आरसा आठवला. मागच्या महिन्यात तो तुटला तेव्हा कुत्रं आडवं आलं होतं म्हणे. म्हसावदच्या रस्त्यावर आता उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, मागे दिवा नसलेल्या. सकाळी धुकं असतं. आणि हे रोज त्या रस्त्याने जात होते, गाडी घेऊन, एकटे.

एवढा वेळ मी ही गाडी त्यांच्यासाठी वाचवत होते.

“आबा, तेल कमी नही शे. जास्त शे,” मी हळू म्हटलं. “लई जास्त.”

“कसं जास्त? मी देखं ना.”

“तुम्हाला ती रेघ दिसली?”

ते पट्टी पुसू लागले, गरजेपेक्षा जास्त वेळ. तेवढ्यात आई डाळ पाखडायचं सूप घेऊन दारात उभ्या असल्याचं माझ्या लक्षात आलं.

“त्यास्ले दायमाधला खडा दिसत नही आते,” आई म्हणाल्या. “पेपर बी उलटा धरतीन एक दिवस. तुले आज समजनं?”

“तू गप बस व,” आबा म्हणाले.

“मी गपच शे. तुम्हीच सांगेल व्हतं ना, पोरास्ले सांगू नको म्हनीसन?”

मला दोघांचाही सारखाच राग आला. सगळं माहीत असून परातीवरून भांडण करणाऱ्या आईंचा, आणि तालुक्याला खरं बोलायला शिकवून डिकीत तेलाचा डबा घेऊन फिरणाऱ्या आबांचा. पण तो राग व्यक्त करायला वेळ नव्हता. मामेभाऊ दुपारी येणार होता. मी खाली शिरले, बोल्ट ढिला केला आणि तेल डब्यात उतरू दिलं. थोडं काढायचं, बोल्ट लावायचा, वर येऊन पट्टी बघायची, पुन्हा खाली. पट्टी मी दर वेळी नवऱ्याला दाखवली. तो बघून सांगत होता आणि आबा पायरीवर बसून ऐकत होते. पातळी दोन रेघांच्या मध्ये आली. हवेचा डबा पुसला, इंजिन पुसलं, उरलेली पावडर संपवली. मग गाडी घेऊन मी एकटीच म्हसावदच्या रस्त्याला निघाले, अर्ध्यातून फिरले आणि घरी येऊन बोनेट उघडलं. पावडर जशीच्या तशी पांढरी होती.

मामेभाऊ आला, जेवला. मग किल्ली हातात घेऊन त्याने वाकून गाडीखाली बघितलं, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. “वहिनी, हाई तर कोरडी शे! मंग इकतस कसाले?”

सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. नवरा माझ्याकडे. मी आबांकडे बघितलं. त्यांची नजर मामेभावाच्या हातातल्या किल्लीवर होती. निदान त्या दिशेला तरी.

“विकायची नाही,” मी म्हटलं. “पण किल्ली माझ्याकडे राहील. सकाळी मळ्यात मी नेणार आणि परत आणणार आबांना, मग ड्युटीवर जाणार.”

“तू चलाडशी?” आबा म्हणाले. अख्ख्या प्रकरणात त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

“मीच.”

मामेभाऊ अंड्यांचा ट्रे ठेवून रिकाम्या हाताने नवापूरला गेला.

सोमवारपासून माझी सकाळ गेली. पहाटे उठायचं, डबे करायचे, आबांना टोपी सापडेपर्यंत गाडी चालू ठेवून थांबायचं. रस्त्याने ते गप्प बसत नाहीत. गिअर बदलला की “आते?” म्हणतात, न बदलला की “आते बदल” म्हणतात. उसाची ट्रॉली पुढे आली की मी वेग कमी करते आणि ते विचारतात, “थांबनी कसाले?” मी म्हणते, “पुढे ट्रॉली आहे, आबा.” मग ते पुढे वाकून काचेतून बघत राहतात. मळ्यात उतरले की मागे न बघता निघून जातात. मी हॉर्न वाजवते. ते बांधावरून हात हलवतात, म्हणजे थांब. मला उशीर होतो. रुग्णालयात मोठ्या मॅडमनी दोनदा विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. पपईची तोड होऊ दे, म्हणाले. नवऱ्याने सांगितलं तेव्हा गहू निघू दे, म्हणाले. आईंनी सांगितलं तेव्हा आईंनाच गप्प बसवलं. मी यादीत ते काम रोज लिहीत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते.

त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही मळ्यातून परत येत होतो. फाट्याजवळ ट्रॅक्टर आडवा आला म्हणून मी गाडी थांबवली, पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाकली. गाडीने आचका दिला. आबांनी दाराची मूठ धरली आणि सुस्कारा टाकला.

“तू क्लचवर पाय ठेईसन चलाडस. क्लच जयी जाई.”

मी दात आवळून दुसरा गिअर टाकला.

बरंच अंतर गेल्यावर ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “डोळास्ना डाक्टर कव्हय बसतस तुन्हा हास्पिटलमा?”

“बुधवारी.”

“या बुधवारले नाव लाई दे. आपरेशन म्हने तं आपरेशन.” मग काच वर करत, “तुन्हा हातमा ही गाडी वरीसभर टिकाव नही.”

“लावते,” मी म्हटलं, आणि पाय क्लचवरून काढला.